सुईशिवाय गजरा

माझा स्वभाव तापट. हे माझं मत नाही, सासरचे-माहेरचे सगळे तसं म्हणतात, आणि ते म्हणाले की मला राग येतो. तेव्हा पुढं कुठं माझं तोंड सुटलेलं दिसलं तर चालवून घ्या. त्या बाईनं मला तेवढं छळलं होतं. आणि तिच्यासारखी जिवाची मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही.

मी मूळची पंचवटीतली. मॅट्रिक झाले आणि सत्तरच्या सुमारास लग्न होऊन देवळालीच्या बाजूला मळ्यात आले. सासरे आधीच गेलेले. घरात सासूबाई, हे, मी, आणि लवकरच एक मुलगी. मळ्यात कोबी, मेथी, कोथिंबीर, आणि विहिरीच्या कडेला मोगऱ्याचे दोन वाफे. भाजीचा मोठा माल हे नाशिकला न्यायचे. मोगऱ्याचे गजरे आणि मेथीच्या थोड्या जुड्या घेऊन मी देवळाली कॅम्पाच्या बाजारात बसायचे. सासूबाईंना ते फारसं पसंत नव्हतं, पण त्यांचे गुडघे दुखायचे आणि माझं घरात बसून डोकं दुखायचं, म्हणून चाललं.

कॅम्पाचा बाजार म्हणजे ऐकावं ते नवलच. पलटण बदलली की गिऱ्हाईक बदलायचं. माझ्या शेजारी किराणावाला होता. पंजाबी कुटुंबं आली की तो राजमा पुढं मांडायचा, दक्षिणेकडची आली की उडदाची डाळ आणि चिंच. दुकान तेच, पाटी तीच, पोती तेवढी पुढंमागं व्हायची. माणसं आपापला मुलूख पाठीवर घेऊन येतात आणि आपण त्यांना चिंच विकतो, हे मला तिथं बसून कळलं. पण त्यांचं काही आपल्या घरात शिरेल असं मात्र तेव्हा वाटलं नव्हतं.

तर एक दिवस ती आली. उंच, सावळी, नाकाच्या दोन्ही बाजूंना चमक्या. मदुरेकडची होती हे मला नंतर कळलं. बाजाराच्या लेखी दक्षिणेकडच्या सगळ्या मुलखाची बाई एकच, मद्रासीण. मीही तसंच म्हणायचे, खोटं कशाला सांगू. तिनं माझा गजरा उचलला, उजेडात धरला, त्यातलं एक फूल ओढून काढलं आणि त्याचं भोक मला दाखवलं.

"सुई मारा, फूल मर गया, अम्मा," ती म्हणाली.

आता मी वीस-बावीसची, ती तिशीची, आणि मला अम्मा! मी म्हटलं, घ्यायचा तर घ्या, नाहीतर ठेवा खाली. तिनं खाली ठेवला नाही. तिची नजर माझ्या टोपलीतल्या केळीच्या सोपटांवर गेली होती. मेथीच्या जुड्या बांधायला आम्ही केळीच्या खोडाचं सोपट वाळवून त्याच्या पट्ट्या काढतो, बांधायच्या वेळी ओल्या करतो. ती पट्टी बघून त्या बाईचा चेहरा असा काही फुलला की जणू माहेरचं माणूस भेटलं. ती माझ्या गोणपाटावर ठाण मांडून बसली. विचारलं की काय? छे. नखानं पट्टीचे बारीक धागे काढले, दोन कळ्या इकडं तोंड करून, दोन तिकडं, मधून धागा, बोटाला एक वळसा, ओढ. पुन्हा दोन इकडं, दोन तिकडं. सुई नाही, दोरा नाही. माझ्या डोळ्यांदेखत हातभर गजरा तयार, भरगच्च, आणि एकाही फुलाला भोक नाही.

मला राग आला. इतकी वर्षं मी सुईनं बोटं टोचून घेत होते आणि केळीचं सोपट माझ्याच टोपलीत पडलेलं होतं!

घरी येऊन मी सराव केला. फुलं नासवली असती तर सासूबाईंनी माझी पूजा बांधली असती, म्हणून चुलीपुढं बसून मेथीच्या काड्यांवर बोटं फिरवली. आठ दिवस जमेना. धागा ओढला की काड्या सुटायच्या. नवव्या दिवशी जमलं आणि मी एवढ्यानं ओरडले की हे गोठ्यातून धावत आले, काय चावलं म्हणून.

पण एक घोटाळा झाला. गजरा बांधायला ती शिकवून गेली, तो संपवायचा कसा हे मी नीट पाहिलं नव्हतं. ती शेवटी एक साधी गाठ मारून धागे लोंबते सोडायची, केसांत बांधायला. मला ते काय ठाऊक! माझ्या बोटांना एकच शेवट येत होता, मेथीच्या जुडीचा. दोन वेढे, एक पीळ, आणि उरलेलं टोक वेढ्याखाली खुपसायचं. वर एवढीशी शेंडी राहते. जुडी बाजारभर आपटली तरी ती सुटत नाही. मी गजऱ्यालाही तेच केलं.

दुसऱ्या आठवड्यात ती आली. गजरा हातात घेतला, कौतुकानं मान डोलावली, आणि टोकाला आली तशी ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली.

"मेथी नहीं है, अम्मा! फूल है!"

आणि माझी गाठ तिनं सोडली. माझ्यादेखत. शेंडी बाहेर ओढली, पीळ उलगडला, आपली गाठ मारली आणि गजरा माळून चालती झाली. किराणावाल्यानं हे ऐकलं, मग काय, महिनाभर मी बाजारात शिरले की तो ओरडायचा, मेथी नहीं है अम्मा! मी त्याला काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी हट्टी. मी जुडीचीच गाठ मारायची, ती दर वेळी सोडायची. दीड वर्ष हे चाललं. सोबत दुसरं भांडणही होतं. आमच्याकडं गजरा नगावर, तिच्याकडं हातावर, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. पण हात कुणाचा? ती ताडमाड, मी बुटकी. तिनं आपला हात पुढं केला की मी माझा पुढं करायची. लोक बघत उभे राहायचे. शेवटी तोड निघाली, एकदा तिचा हात, एकदा माझा. तोवर ती माझी अक्का झाली होती. मोठ्या बहिणीला आमच्याकडंही अक्का म्हणतात आणि त्यांच्याकडंही. हा एक शब्द आम्हाला फुकटात मिळाला. बाकी सगळा कारभार तिच्या पलटणी हिंदीत आणि माझ्या शाळेतल्या हिंदीत.

मी तिच्याकडून पुष्कळ घेतलं, पण सगळं नाही. तिनं खोबरेल तेलात परतलेली भाजी डब्यात आणली, मी म्हटलं, अगं बाई, डोक्याचं तेल भाजीत? घास काही घशाखाली उतरला नाही. तिच्या तांदूळ-उडदाच्या आंबवलेल्या पिठाला आमच्याकडच्या थंडीत फसफस येईना, मी पातेल्याला गोधडी गुंडाळली, तरी येईना, नाद सोडला. सोपटाची गाठ मात्र घरात शिरली, कारण सोपट घरात होतंच. नव्या गोष्टीला टांगायला जुनी खुंटी लागते. आणि तिनं? तिनं माझं काही घेतलं नाही. भाकरी हातात घेऊन खापरासारखी उलटसुलट करून बघायची आणि माझ्या मांडीवरच्या मुलीला भरवायची. मला ते खुपायचं. बोलले नाही, पण खुपायचं.

एका श्रावणात ती गावी जाऊन आली आणि पदराच्या गाठीतून मूठभर बी काढून माझ्या ओंजळीत घातलं. अबोलीचं. आमच्याकडं अबोलीचं एखादं झाड कुणाच्या परसात असायचं, वाफा लावून कुणी करत नव्हतं.

"ये लगाओ, अम्मा. पूरा लाइन लेगा," ती म्हणाली. लाइन म्हणजे त्यांच्या क्वार्टर्सची ओळ, तीस-चाळीस घरं.

घरी वाफा मागितला तेव्हा रणकंदन झालं. हे म्हणाले, मेथीची जागा बिनवासाच्या फुलाला? सासूबाई तर ओट्यावरच बसल्या.

"वास नाय त्याला फूल म्हणाया का? देवाला नाय, गुरांना नाय. अन् त्या परक्या बाया. आज हायेत, उद्या गाडी सुटली का संपलं. गरज सरो, वैद्य मरो!"

"अक्का तसली नाही," मी म्हटलं. "ती घेणार म्हणाली म्हणजे घेणार."

शेवटी ह्यांनी एक वाफा दिला, तोही गुढीपाडव्यापर्यंत. पाडव्याला त्यात फायदा दिसला नाही तर कुदळ. मी कबूल केलं. त्या दिवसापासून त्या वाफ्यात नुसती अबोली नव्हती. तिथं तिचा शब्द लावला होता, आणि त्या शब्दावर मी माझा लावला होता. तो खोटा पडला असता तर मला त्या घरात पुन्हा काही मागायची सोय नव्हती.

थंडीत रोपं रुसली. मी रोज संध्याकाळी त्यांच्यावर गोणपाट घालायची, सकाळी काढायची. सासूबाई म्हणायच्या, पोरीला एवढं जपलं नायस. अक्का दर आठवड्याला विचारायची, कितना हुआ? मी जमिनीपासून हात वर धरून दाखवायची. वितीएवढं रोप हातभर झालं तेव्हा ती बाजारात टाळ्या वाजवत होती.

फाल्गुनात फूल आलं. नेमका त्याच वेळी मुलीला गोवर. दहा दिवस मी घराबाहेर पडले नाही. ताप उतरला त्या दिवशी पहाटे उठून पहिली अबोली खुडली, मोगऱ्याची एक जोडी, अबोलीची एक जोडी असं बांधलं, आणि या खेपेला मुद्दाम तिच्या हातानं तीन हात. शेवटी जुडीची गाठ मारली. म्हटलं, सोड म्हणावं आता!

बाजारात ती नव्हती. मी क्वार्टर्सकडं गेले. तिच्या दारात दुसऱ्याच कुणाच्या बाजा, दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत. अख्खी लाइन दुसरी. परत आले तर किराणावाला राजम्याचं पोतं पुढं ओढत होता.

"पलटण गेली की," तो म्हणाला. "पाच दिवस झाले. स्पेशल गाडी आली होती."

"माझ्यासाठी काही निरोप?"

"नाही बुवा."

पलटणीच्या बायकांना किती तास आधी कळतं, हे मला ठाऊक होतं. तिला माझा मळा ठाऊक नव्हता, हेही ठाऊक होतं. पण किराणावाल्यापाशी चार शब्द ठेवता आले नसते? मी रडत घरी आले आणि ते तीन हात ओट्यावर फेकले. सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत मीच ओरडले, बोला, काय बोलायचं ते बोला! त्यांनी गजरा उचलला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. ते जास्त लागलं.

पुढं तीन दिवसांवर पाडवा होता. मी फुलं खुडणं सोडलं होतं. पाडव्याच्या सकाळी हे गुढीची काठी धूत होते आणि मी आत कडुलिंब निवडत होते. बाहेर आले तर सासूबाई गुढीला माळ बांधत होत्या, अबोलीची. त्यांनी पहाटे स्वतः फुलं खुडली होती, दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि माझं बघून बघून सोपटावर बांधलीही होती. वाकडीतिकडी, पण बांधली होती. शेवटाला जुडीची गाठ.

"झाडावर सुकल्यालं बघवत नाय," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "अन् गुढीला वास कशाला लागतो? उंचावरून रंग दिसला का बास."

चैत्राचं ऊन. आळीतल्या सगळ्या गुढ्यांचे हार दुपारपर्यंत मान टाकून लोंबत होते. आमची अबोली संध्याकाळी गुढी उतरवली तरी तशीच. येणारी-जाणारी बाई थांबून बघत होती. एक विचारून गेली, दुसरी बोट लावून गेली. ह्यांनी कुदळ काढली नाही. त्यावर चर्चाही झाली नाही. पुढच्या पावसाळ्यात मोगऱ्याशेजारी अबोलीचे तीन वाफे होते.

मग ते पसरतच गेलं. आळीतल्या बायका ओट्यावर येऊन शिकल्या, त्यांच्या लेकी सासरी घेऊन गेल्या, लग्नसराईत नवऱ्या मुली मागायला लागल्या. पुढं एकदा नाशिकच्या फुलबाजारात एका विक्रेतीच्या गजऱ्याला मी माझी शेंडी पाहिली. विचारलं, ही गाठ कुठली? ती ठसक्यात म्हणाली, "ही आमची जुनी नाशिकची पद्धत, बाई. पिढ्यान्‌पिढ्यांची." उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी भांडायला पदर खोचला होता, पण सोडून दिलं. मलाही ती आपली वाटू लागलीच होती की.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा मुलगी कॉलेजात गेली. ती एकदा वही उघडून मोठ्यानं पाठ करत होती. एका समाजाच्या चालीरीती दुसऱ्या समाजात कशा जातात, कशा बदलतात, त्याला काय म्हणतात. वहीत दोन गोल होते आणि एकातून दुसऱ्याकडं बाण. मी भाकरी थापत ऐकत होते.

"हे मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "सोपटावर गजरा असाच आला."

"हो ना आई. पण बाण बहुतेक दोन्हीकडं असतो, असं सर म्हणाले. देणारासुद्धा काहीतरी घेतो."

"आमच्यात नव्हता," मी म्हटलं. "ती माझी गाठ दर वेळी सोडायची."

मुलीनं वही मिटली. तवा तापला होता, मी भाकरी टाकली. इतक्या वर्षांनीही ते मला तसंच खुपत होतं, याचंच मला नवल वाटलं. मला तिच्याकडून परतफेड नको होती. तिच्यापाशी माझं काही राहिलं होतं का, एवढंच हवं होतं. सासूबाई तोवर गेल्या होत्या. शेवटपर्यंत त्यांनी "गरज सरो" ही म्हण माझ्यापुढं पुन्हा उच्चारली नाही, पण ती माझ्या डोक्यातून गेली नव्हती.

त्याच वर्षीची गोष्ट. मी बाजारात बसले होते, आता पुढ्यात टोपल्या चार. एक कोवळी पोर आली, नवं लग्न झालेली, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. नवी पलटण आली होती. ती अबोली निवडायला खाली वाकली आणि तिचा शेपटा पुढं आला. त्यात तिनं स्वतः बांधलेला गजरा होता. त्याच्या टोकाला दोन वेढे, एक पीळ, आणि वर एवढीशी शेंडी.

मी सरळ तिचा शेपटाच धरला. ती किंचाळली. किराणावाला उठून उभा राहिला.

"ये गांठ किसने सिखाया?" मी ओरडले. तिला वाटलं मी रागावले आहे, आणि मी रागावल्यासारखी दिसतही असेन.

"जबलपूर में, अम्मा," ती घाबरून म्हणाली. "उधर क्वार्टर में एक बड़ी अक्का थी. उसने सिखाया. उधर पूरा लाइन ऐसा ही बांधता."

मी शेपटा सोडला. ती जरा सावरली आणि गाठ बोटांनी चाचपत हसली.

"अच्छा गांठ है. खुलता नहीं. इसको मेथी बोलते."

"मेथी क्यों?"

"मालूम नहीं, अम्मा. अक्का बोलती थी, हम भी बोलते."

माझ्या टोपलीत जुड्या होत्या. मी एक उचलून तिच्या हातात ठेवली आणि सोपटाच्या गाठीवर बोट ठेवलं. तिनं ती गाठ पाहिली, मग आपल्या केसांतली चाचपली, मग पुन्हा जुडीकडं पाहिलं, आणि तिचे डोळे मोठे झाले. ती मला काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा विचारत होती. मी तिचा हात पुढं ओढला, त्यावर अबोलीचा गजरा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजला आणि शेवटी जुडीची गाठ मारली. या खेपेला ती कुणी सोडली नाही.